मोटेचं कातडं

आमच्या सोप्यात दाराच्या उजव्या हाताला एक खुर्ची आहे. सागवानी, रुंद हातांची, पाठ जरा मागं कललेली. घरात आलेल्या मोठ्या माणसाला आम्ही तीच देतो. तलाठी आला तरी तीच, व्याही आले तरी तीच. ती कुठून आली असं कुणी विचारलं की घरातलं शेंबडं पोरही सांगायचं, "आबांनी सातारच्या लिलावात घेतली. साहेबाच्या बंगल्यातली. अकरा रुपयांना." आबा म्हणजे माझे आजोबा. मी हे वाक्य लहानपणापासून ऐकलं आणि पुढं माझ्या नातवंडांनाही तेच ऐकवलं.

गेल्या फाल्गुनात ती खुर्ची बसकटात खचली. वरचं रेक्झीन तर चार वर्षांपासून सोलत होतं. उठलं की धोतराला तपकिरी पोपडे चिकटायचे. सूनबाई म्हणाली, "मामा, टाकून द्या की आता, प्लॅस्टिकच्या चार येतील." टाकायला जीव होत नव्हता. त्यात चैत्रात भैरोबाची जत्रा, पै-पाहुणा येणार. तेव्हा मुलानं सांगितलं की आपल्याच गावच्या रोहिदासवाड्यातला एक जण साताऱ्यात घरोघर जाऊन चामड्याचे सोफे, खुर्च्या, गाड्यांच्या सीटा दुरुस्त करतो. त्याला फोन केला. तो म्हणाला, "गावाकडं यायचंच हाय नाना, रविवारी येतो."

रविवारी तो मोटरसायकलवरून आला. मागं एक लोखंडी पेटी आणि बांबूला गुंडाळलेलं कातडं. वय चाळिशीचं. माझ्या तोंडून पहिल्यांदा "ये रे" गेलं आणि मलाच कसंतरी झालं, म्हणून लगेच "बसा" म्हणालो. तो हसला. "नाना, वयानं मी तुमच्या पोराएवढा. तूच म्हना." मग मी तू म्हणायला लागलो. पण हे अरे-तुरे माझ्या मनात दिवसभर राहिलं. का ते पुढं सांगतो.

त्यानं आधी खुर्चीला हात लावला नाही. बोट ओलं करून सोललेल्या जागेवर पाण्याचा एक थेंब ठेवला. थेंब जसाच्या तसा राहिला. "ह्ये रेक्झीन. खऱ्या कातड्यावर थेंब ठेवला की ते हळूहळू पितं आनि जागा काळी पडती." साताऱ्यातल्या बंगल्यांत निम्मं काम हेच असतं म्हणे. लोक लाखभर रुपये मोजून चामड्याचा म्हणून सोफा आणतात. चार-पाच वर्षांत तो केळीच्या सोपटासारखा सुटायला लागतो आणि मग याला बोलावतात. तो थेंब ठेवून दाखवतो आणि सांगतो, "साहेब, ह्यात चामडं न्हाई, कापडावर रंग हाय, ह्येला दुरुस्ती न्हाई." लोकांना राग येतो, तो दुकानदारावर न निघता याच्यावर निघतो. खरं चामडं असलं तर मात्र काम होतं. डोकं टेकायच्या जागी केसांच्या तेलानं ते मऊ पडतं, उन्हाच्या बाजूला तडकतं. ते पुसायचं, आतून तुकडा लावून तडा धरायचा, टाका उसवला असेल तर जुन्याच भोकांतून नवा दोरा घालायचा. नवं भोक पाडलं की कातडं तिथंच फाटतं. आणि खोबरेल लावायचं नाही. मी विचारलं, का? "उंदीर येत्यात, नाना."

खुर्ची आम्ही अंगणात लिंबाखाली नेली. त्यानं पकड आणि पेचकस घेऊन एकेक पितळी खिळा काढायला सुरुवात केली. खिळे फुगीर डोक्याचे, एकशे अठरा भरले. ते त्यानं एका डब्यात रॉकेलमध्ये टाकले.

रेक्झीन निघालं तसा खालचा फोम पिवळ्या भुकटीसारखा गळला. हा थर 1984 चा. माझ्या लग्नात सोपा रंगवला, तेव्हा तालुक्याच्या एका सोफावाल्यानं खुर्ची नवी करून दिली होती. तेव्हा रेक्झीनची फार ऐट होती. ते चकाकायचं, पुसलं की स्वच्छ, आणि मुख्य म्हणजे त्याला कातड्याचा वास नव्हता. माझ्या आईला तोच मोठा गुण वाटला होता.

फोमखाली काळं, जाड, तेलकट कातडं निघालं. पायताणाच्या तळव्याला असतं तसं. त्यानं वर हात फिरवला, एका कोपऱ्याशी थांबला आणि मला म्हणाला, "नाना, ही मोट हाय." कोपऱ्यात ओळीनं जुनी भोकं होती. खुर्चीच्या शिवणीशी त्यांचा काही संबंध नव्हता. मोटेच्या काठाची शिवण होती ती. आणि मला एकदम सगळं आठवलं. 1967 साल, मी सात वर्षांचा.

आताच्या पोरांना मोट म्हणजे शिमग्यातलं सोंग वाटेल, म्हणून थोडं सांगतो. विहिरीच्या काठावर उताराची धाव. बैल धावेवरून खाली गेले की नाडा ताणायचा आणि मोट वर यायची. मोटेला खाली सोंड, सोंडेला सोंदूर बांधलेला. मोट काठावर आली की सोंड थारोळ्यात सुटायची आणि पाणी भसकन पाटाला लागायचं. मग बैल मागं चालवायचे, मोट पुन्हा पाण्यात. आमच्या मोटेत दहा-बारा घागरी पाणी मावायचं. पहाटे चारला सुरू करून दिवस डोक्यावर येईपर्यंत धरलं तरी एवढंसं रान भिजायचं. माझ्या वडिलांच्या, दादांच्या, हाताला नाड्याचे घट्टे मरेपर्यंत होते.

मोटेला एका जनावराचं अख्खं कातडं लागायचं. ती दोन-अडीच वर्षं टिकायची, पुढं तिला ठिगळं लागायची. पुढं पत्र्याच्या मोटा आल्या, तरी सोंड चामड्याचीच राहिली, कारण पत्र्याला वाकता येत नाही. म्हणजे पाणी प्यायचं असो की पिकाला द्यायचं असो, ते कातड्यातून आल्याशिवाय गावाचं पान हलत नव्हतं. आणि ज्यांच्या हातांतून ते कातडं यायचं, त्यांना त्या विहिरीच्या काठावर पाय ठेवता येत नव्हता. हे मी आज लिहितोय. तेव्हा आम्हाला त्यात वावगं काही दिसत नव्हतं, हेही लिहून ठेवतो.

कातडं तीन हातांतून यायचं. मेलेलं ढोर गावाबाहेर ओढून न्यायचं काम महारांचं. 1927 साली महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मेलेल्या ढोराचं मांस सोडा म्हणून सांगितलं आणि 1956 च्या धर्मांतरानंतर गावोगावच्या महारांनी हे ओढायचं कामही सोडलं. आमच्या गावातही सोडलं. त्या वर्षी गावकीत फार तणातणी झाली, असं दादा सांगायचे. कातडं कमवायचं काम ढोरांचं. चुन्याच्या हौदात भिजवून केस सोडवायचे, मांस खरडायचं, धुऊन काढायचं. मग ते पखालीसारखं शिवून तिकाटण्याला टांगायचं आणि आत बाभळीची साल आणि हिरडा कुटून पाणी भरायचं. ते पाणी कातड्यातून थेंबथेंब पाझरायचं. खाली भांड्यात धरलेलं परत वर ओतायचं. काही दिवसांनी पिशवी उलटी टांगायची. हिरडा सह्याद्रीच्या डोंगरातून यायचा, बाभळी आमच्याच बांधावरच्या. ढोरवाड्यावरून जाताना आम्ही नाकाला धोतराचा सोगा लावायचो. आणि शिवायचं काम चांभारांचं. मोट, सोंड, वाद्या, आसूड, जुंपण्या, पायताणं. त्याबद्दल सुगीला पेंढ्या आणि खळ्यावर धान्य. बारा महिने काम आणि मोजमाप मात्र आमच्या हातात.

1967 साली दादांनी सोसायटीचं कर्ज काढून किर्लोस्करचं पाच अश्वशक्तीचं डिझेल इंजिन आणलं. किर्लोस्करवाडी आमच्यापासून काही फार लांब नाही. जुन्या औंध संस्थानात 1910 साली ती वसली आणि तिथं आधी लोखंडी नांगर झाले. त्या नांगरांनी लाकडी नांगर घालवले, इंजिनानं मोटा घालवल्या. इंजिन पहिल्यांदा सुरू झालं त्या दिवशी अख्खं गाव विहिरीवर होतं. नारळ फुटला, पेढे वाटले. फक्त एक माणूस त्या आवाजाकडं पाठ करून आमच्या अंगणात याच लिंबाखाली बसून होता. मोट शिवणारे आजोबा. आबांनी त्यांना बोलावून सांगितलं होतं, "आता मोटंचं काय काम न्हाई. ती मोड आन् ह्या खुर्चीला घाल."

ते आजोबा तेव्हा पन्नाशीचे असतील. सगळा गाव त्यांना जातीच्याच नावानं हाक मारायचा. मी सात वर्षांचं पोर, मीही "अरे" म्हणायचो आणि ते मला "अवो धनी" म्हणायचे. त्यांनी मोट पाण्यात भिजवली, रापीनं कापली, भिजल्या अंगानं चौकटीवर ताणून खिळली. ओलं कातडं वाळताना आखडतं आणि ढोलासारखं ताठ बसतं, हे मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. मग त्यांनी कढवून काळं केलेलं करडईचं तेल चोळलं. मोटेला आणि नाड्याला हेच तेल लावायचे, पाण्यानं कुजू नये म्हणून. काम झाल्यावर त्यांनी बसकटावर गुडघा दाबून बघितला, तळहातानं ठोकून बघितलं. बसून बघितलं नाही. दुपारी आईनं भाकरी वरून टाकली. पाणी मी वाढलं. ते ओंजळ धरून बसले आणि मी तांब्या उंच धरून वरून धार सोडली. थोडं त्यांच्या छातीवर सांडलं म्हणून मी हसलो होतो. पन्नास-पंचावन्न वर्षं झाली, ते हसू मला अजून आठवतं.

हे सगळं मी त्या पोराला काही सांगितलं नाही. तो कोपऱ्यातली शिवण बघत होता. म्हणाला, "हा टाका आमच्या म्हाताऱ्याचा. दोन सुया समोरासमोरनं घालून वढलेला. एका बाजूनं दोरा तुटला तरी दुसरा सुटत न्हाई." त्यानं आरीच्या टोकानं दोरा उचलून दाखवला. मेण लावलेला, अजून घट्ट. मग तो माझ्याकडं न बघता म्हणाला, "नाना, आता ह्येच्या खाली जळालेलं असंल बघा. उजव्या हाताला आनि पाठीमागं."

मी म्हणालो, "तुला काय ठावं?"

"आमच्या घरात ह्या खुर्चीला जळकी खुर्चीच म्हनत्यात. म्हातारा सांगायचा. मी पाचवी-सहावीत असंन. मला वाटलं तुमाला ठावं असंल."

मोटेचं कातडं निघालं. खाली पहिलं, अस्सल कातडं होतं. पातळ, तांबूस, साहेबी पद्धतीनं कमावलेलं. डाव्या बाजूला ते सुकून चरचरीत झालेलं आणि उजव्या बाजूला आक्रसून, काळं ठिक्कर पडून गोळा झालेलं. त्याखाली काथ्या आणि तागाच्या पट्ट्या, त्याही एका बाजूनं करपलेल्या. उजव्या हाताच्या आतल्या अंगाला आणि पाठीच्या खांबाला लाकूड बोटभर खोल कोळसा झालं होतं. कुणीतरी तो कोळसा रापीनं तासून, वर डांबरासारखं काहीतरी फासून, त्यावर मोटेचं कातडं ओढून घेतलं होतं. कुणीतरी म्हणजे याचेच आजोबा. आणि करवून घेणारे माझे.

सातारच्या लिलावात कुणी जळकी खुर्ची अकरा रुपयांना विकत असेल, असं मला क्षणभर वाटून घ्यायचं होतं. पण आठवायला लागलो तशा बाकीच्या गोष्टीही पुढं आल्या. 1967 च्या आधी ही खुर्ची मी सोप्यात कधी पाहिली नव्हती. ती माळ्यावर वैरणीच्या पेंढ्यांमागं पोत्यात गुंडाळून होती. लिलावात हौसेनं घेतलेली वस्तू कुणी एवढी वर्षं पोत्यात ठेवतं का?

आत्या घरातच होती. आबांची धाकटी लेक, चौऱ्याऐंशी वर्षांची, डोळ्यांनी अधू, बाकी सगळी शाबूत. तिचा हात धरून मी तिला अंगणात आणलं आणि त्या जळक्या लाकडावर तिचा हात ठेवला. तिनं बोटं फिरवली. म्हणाली, "काढलंस का शेवटी?"

30 जानेवारी 1948 ला दिल्लीत गांधींचा खून झाला. मारणारा पुण्याचा ब्राह्मण, ही बातमी रेडिओनं आणि वर्तमानपत्रांनी आली आणि पुढच्या काही दिवसांत सातारा, सांगली, कोल्हापूर या बाजूला ब्राह्मणांची घरं जाळली गेली. कोल्हापुरात भालजी पेंढारकरांचा स्टुडिओ जळाला, तशी खेड्यांतली वाडेही जळाले. दोनच वर्षांपूर्वीपर्यंत हाच मुलूख पत्री सरकारच्या नावानं इंग्रजाशी लढत होता. पुस्तकांत त्याबद्दल पानंच्या पानं आहेत. जाळपोळीबद्दल गावात कुणी बोलत नाही. व्यंकटेश माडगूळकरांची "वावटळ" मी दहावीनंतर गावच्या वाचनालयातून आणून वाचली होती. वाचून आबांना विचारलं होतं, "आपल्या गावात असं काय झालं व्हतं का?" आबा म्हणाले होते, "बाहेरगावची मानसं आली व्हती." तेवढंच. मी पुढं विचारलं नाही.

आत्या तेव्हा नऊ वर्षांची. तिनं सांगितलं ते असं. आमच्या गावात कुलकर्ण्यांचा एकच वाडा. थोरला मुलगा साताऱ्याला वकिली करायचा, त्याची ही खुर्ची. म्हाताऱ्या कुलकर्णीण बाईंना सोवळ्यात कातडं चालायचं नाही म्हणून ती बाहेरच्या पडवीत असायची. आमची-त्यांची चांगली जाग होती. त्यांची दीड एकर आम्ही कुळानं करत होतो. मोटेची विहीर त्याच दीड एकरात. "त्या दिशी सांजचं लोक आलं. बाहेरगावचं व्हतं, गावातलं बी मिसळलं. बायकापोरं आधीच मळ्याच्या वाटंनं लावून दिली हुती, जीव कुनाचा गेला न्हाई. वाडा रातभर जळत हुता. आबा सांजचंच गेलं हुतं. मध्यान रातीला आलं, तवा डोक्यावर खुर्ची. आईनं इचारलं, ह्ये काय? आबा म्हनलं, गप."

मी विचारलं, "विझवायला गेले होते का आबा?"

आत्या बराच वेळ गप्प बसली. "धोतर भिजल्यालं हुतं. वास धुराचा येत हुता. आनि कशाचा येत हुता का, त्ये नऊ वरसाच्या पोरीला काय कळतंय?"

आबांबद्दल मला एवढंच पुराव्यानं सांगता येतं. विझवायला गेलेल्या माणसानं पडवीतली खुर्ची वाचवून आणली असेल. तसं असतं तर ती परत देता आली असती. कुलकर्णी मंडळी पुण्याला गेली, पण कागदपत्रांसाठी त्यांचं येणं-जाणं होतं. कुळकायदा 1948 चाच, आणि 1 एप्रिल 1957 च्या कृषक दिनाला कसेल त्याची जमीन झाली. ती दीड एकर आमच्या नावावर चढली. तिची किंमत आम्ही हप्त्यांनी भरली. पावत्या पत्र्याच्या ट्रंकेत आहेत, मी त्या पुन्हा काढून बघितल्या. एकूण एक आहे. आबा कागदाला फार जपणारे होते. खुर्चीची पावती नाही.

तो पोरगा एवढा वेळ काही न बोलता काथ्या झटकत होता. मी विचारलं, "तुझ्या आजोबांनी हे गावात कधी कुणाला सांगितलं नाही?"

"कुनाला सांगनार? सुगीला खळ्यावर तुमच्याच यायचं हुतं." मग जरा थांबून म्हणाला, "त्येंनी आमाला सांगितलं ते कामाचं म्हनून. जळक्या लाकडावर खिळा धरत न्हाई, कोळसा पुरा तासून घ्यायचा, मग धरतो. असं शिकवताना सांगितलं."

म्हणजे आमच्या घरातली ही गोष्ट आमच्या घरात कुणाला ठाऊक नव्हती आणि रोहिदासवाड्यात ती खिळा कसा मारावा याचा धडा म्हणून चालत आली होती.

कामाचं पुढं सांगतो. त्यानं तागाच्या नव्या पट्ट्या उभ्या-आडव्या विणल्या, वर काथ्या, वर जाड मांजरपाट. नवं कातडं त्यानं कोल्हापूरहून आणलं होतं, म्हशीचं, साल-हिरड्यात कमावलेलं. असं कातडं आता मिळणं अवघड. बहुतेक माल रसायनात कमावलेला येतो. तो कापला की आत निळसर-करडा दिसतो. साली-हिरड्याचा कापला की आरपार तपकिरी. 2015 पासून राज्यात बैल कापायलाही बंदी आली. तेव्हापासून म्हशीचंच जास्त चालतं. त्या कायद्याबद्दल शेतकरी म्हणून माझंही एक म्हणणं आहे. म्हातारा बैल दावणीला बांधून पोसायचा खर्च कायदा करणाऱ्यांपैकी कुणी उचलत नाही. पण ते इथं नको. कोल्हापुरी चपलेला 2019 साली भौगोलिक मानांकन मिळालं, त्यात आमचा सातारा जिल्हाही आहे. मी त्याला कौतुकानं विचारलं, त्याचा काही फायदा? तो म्हणाला, "आमच्या वाड्यात आता चप्पल बनवनारं एकच घर ऱ्हायलंय, नाना. पोरं कंपनीत जात्यात. मी सोफ्यावर भागवतो."

कातडं त्यानं न्हाणीतल्या हंड्यात भिजवलं. 1967 साली पाण्याचं भांडं त्याच्या आजोबांना गोठ्यातलं दिलं होतं, वेगळं. भिजलेलं कातडं निथळून त्यानं चौकटीवर घेतलं, आधी चारी बाजूंना मधोमध एकेक खिळा आणि मग मधून कोपऱ्यांकडं. कोपऱ्यापासून सुरुवात केली तर मध्ये सुरकुती राहते. रॉकेलमधून काढलेले जुने पितळी खिळे पुसून परत तेच मारले. चौदा वाकलेले निघाले, त्याजागी नवे.

उजव्या हाताशी येऊन तो थांबला. "नाना, ह्या जळक्या जागंवर कातडं घेऊ का? का आतनं दुमडून सोडू? दोन्ही बसतंय. झाकलं तर कुनाला दिसायचं न्हाई."

आत्या ओसरीवर बसून ऐकत होती. बायको दारात उभी. ती म्हणाली, "झाकू द्या की. जत्रा तोंडावर आलीया." तिचं म्हणणं मला कळत होतं. कुलकर्ण्यांचा नातू, म्हणजे त्या वकिलांचा मुलगा, बँकेतून निवृत्त झालेला, दर वर्षी भैरोबाच्या जत्रेला पुण्याहून येतो. त्यांचा कुळाचार आहे. वाड्याच्या जागेवर आता पंचायतीचं गोदाम आहे. म्हणून देवाला नारळ फोडला की चहाला तो आमच्याकडंच येतो. माझ्यापेक्षा पाच-सहा वर्षांनी मोठा असेल. मोठा पाहुणा म्हणून आम्ही त्याला तीच खुर्ची देतो. पंधरा-वीस वर्षं तो आपल्या बापाच्या खुर्चीत बसून आमच्याकडं चहा पितोय, खाली रेक्झीन, रेक्झीनखाली मोट. एकदा त्यानं आबांबद्दल विचारलंही होतं, "तुमच्या आजोबांनी त्या रात्री आमच्या माणसांना मळ्याच्या वाटेनं काढून दिलं, असं आमची आई सांगायची." मी तेव्हा छाती फुगवून हो म्हणालो होतो. आणि ते खोटं नसेलही. एकाच माणसानं सांजेला माणसं काढून दिली असतील आणि मध्यरात्री खुर्ची आणली असेल. आबांना मी तेवीस वर्षं पाहिलं. ते दोन्ही करू शकत होते.

मी म्हणालो, "आतून दुमड. लाकूड उघडं राहू दे."

त्यानं काही विचारलं नाही. जळकी जागा काचकागदानं घासली, सैल कोळसा काढला, वर जवसाचं तेल चोळलं. ती जागा काळी कुळकुळीत, गुळगुळीत झाली. कातडं तिच्या काठाशी आत वळवून त्यानं बारीक खिळे मारले. "दोन दिस सावलीत वाळू द्या. उन्हात ठिवली तर तडकंल. बसू नका कुनी."

तिसऱ्या दिवशी तो तेल लावायला परत आला. कातडं ढोलासारखं वाजत होतं. तेल चोळून, कापडानं पुसून झाल्यावर तो सरळ खुर्चीत बसला. पाठ टेकली, डावीकडं-उजवीकडं वजन टाकलं, उठला, परत बसला. मी बघत राहिलो तसा म्हणाला, "बसल्याबिगर कसं कळनार नाना? ह्ये कामातच आलं." एक पाय किंचित हलत होता. त्यानं उतरून त्याखाली कातड्याची चकती ठोकली. चहा आम्ही दोघांनी सोप्यात घेतला. पैसे साडेतीन हजार झाले. मुलानं ते फोनवरून पाठवले. मोटेचं निघालेलं कातडं मी त्याला हवं का विचारलं. त्यानं सगळं नको म्हटलं. शिवणीचा कोपरा तेवढा कापून घेतला, पोराला टाका दाखवायला.

त्या रात्री मी पुण्याला फोन लावला. जत्रेला येताय ना, विचारलं. येतोय, म्हणाले. म्हणालो, या वेळी जरा निवांत या, तुम्हाला खुर्ची दाखवायची आहे.

"कुठली? ती तुमची रेक्झीनची?"

"रेक्झीन काढलं," मी म्हणालो.